घरातली बाई

काकू स्वतःच्या घराची कडी वाजवून आत जायच्या. दार सताड उघडं असलं तरी. हातात निवडलेल्या गवारीनं भरलेलं सूप असो की दळणाचा डबा, उंबऱ्याशी थांबायच्या, कडी दोनदा खडखडवायच्या आणि आतून काकांचं 'या बाई' ऐकू आल्याशिवाय पाऊल आत टाकायच्या नाहीत. लग्नाला चौतीस वर्षं झालेली. त्या घराच्या भिंती त्यांनी स्वतःच्या हातांनी लिंपलेल्या. पहिल्यांदा मी देऊळघाटला त्यांच्याकडे गेले तेव्हा हे पाहून मला हसू आलं होतं. मग आतून तो 'या बाई' आला, इतका अदबशीर, इतका परका, की हसू तोंडातच राहिलं.

मी तेव्हा बुलढाण्यातल्या एका दवाखान्यात मेंदू-मानसशास्त्राच्या विभागात सहायक होते. विभाग म्हणजे एक्स-रेच्या खोलीला लागून असलेली एक खोली, तिच्यात आमच्या मॅडम, मी आणि खडखडणारा पंखा. नाव मोठं, काम साधं. डोक्याला मार लागलेल्या, झटका येऊन गेलेल्या माणसांना चित्रं दाखवायची, ठोकळे जुळवायला लावायचे, शब्द पाठ करवून अर्ध्या तासानं पुन्हा विचारायचे आणि सगळं लिहून मॅडमच्या सहीला ठेवायचं. एम.ए. नवं होतं, स्टॉपवॉच त्याहून नवं. मला वाटायचं, मेंदूतलं मला बरंच कळतं.

काका एसटीतले निवृत्त कंडक्टर. स्कूटरवरून पडले, डोक्याला उजव्या बाजूनं मार लागला, ऑपरेशन झालं, दीड-दोन महिन्यांत हिंडूफिरू लागले. तपासणीत गडी एक नंबर. बारापैकी अकरा शब्द आठवले, घड्याळ काढलं तर त्याला सेकंदकाटासुद्धा. फोटोतले चेहरे दाखवले तर छाती काढून म्हणाले, "चेहरा एकदा पाह्यला की मी इसरत नाही मॅडम. तीस वर्षं तिकिटं फाडली." मी खूश होऊन कागद आवरत होते. काकू दाराजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. तेवढ्यात काका टेबलावर वाकले आणि अगदी हळू आवाजात मला म्हणाले, "ह्या बाई कोण आहेत, जरा इचारा. माह्या बायकोसारख्या दिसतात. हुबेहूब. पण ती नाही."

खोली केवढी, दहा बाय दहा. काकूंना ते ऐकू गेलं नसेल असं होणं शक्यच नव्हतं. त्यांनी पदर नीट केला आणि चहा आणते म्हणून बाहेर गेल्या. दोन मिनिटांनी काकांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला आणि त्यांचा चेहराच पालटला. "ऐकलं का, कुठं आहेस तू? किती दिवस लावते?" खिडकीतून मला दवाखान्याच्या अंगणातला कडुलिंब दिसत होता. त्याच्याखाली काकू आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या, कानाला फोन लावून. दुधाचा चहा घेऊ की काळा, एवढंच त्या विचारत होत्या, हे मला मागाहून कळलं. मग चहा घेऊन आत आल्या तर काकांनी फोन खिशात टाकला, उठून त्यांना खुर्ची दिली आणि म्हणाले, "बसा बाई. बायकोचा फोन होता."

मॅडमनी नंतर समजावलं. चेहरा ओळखण्याची वाट शाबूत आहे, पण ओळखीबरोबर जी आपलेपणाची ऊब येते ती वाट तुटली आहे. माणूस तसाच दिसतो, पण आपला वाटत नाही, मग मेंदू म्हणतो हा तोतया. आवाजाची वाट वेगळी, ती वाचली, पण चेहरा समोर असला की तोच वरचढ ठरतो. म्हणून फोनवर बायको आणि समोर बाई. मॅडमनी फाइलमध्ये ठळक लिहिलं: वाद घालू नये. फोन रोज चालू ठेवावा. आवाज आणि चेहरा एकत्र आणू नये.

तेव्हापासून काकूंचा दिवस दोघींचा झाला. सकाळपासून त्या घरातली बाई, हळू आवाजात मोजकं बोलणारी. चार वाजता मागच्या परसात, सरपणाच्या खोपीआड उभ्या राहून त्या बायको व्हायच्या. काका ओसरीवर बसून त्यांना सगळं सांगायचे. घरातली बाई सैपाक चांगला करते, स्वभावानं गरीब आहे, पण तू लवकर ये, लोक काय म्हणतीन. फोन ठेवून काकू पुढच्या दारी यायच्या, कडी वाजवायच्या, की काका सांगायचे, "बायकोचा फोन आला होता. तुमची चौकशी करत होती." काकांनी बायकोच्या साड्या पेटीत घालून कुलूप लावलं होतं, परक्या बाईनं त्या कशाला नेसाव्या म्हणून. काकूंनी बाजारातून दोन नव्या आणल्या आणि त्यावर दिवस काढले. उलट जन्मात कधी चुलीपाशी न गेलेले काका या बाईसाठी चहा करायला लागले. पाहुणीला करायला लावायचं बरं दिसत नाही ना!

हे सगळं काकू मला दर मंगळवारी काकांना तपासणीला आणलं की सांगायच्या, निम्मं हसत. एकदा हसता हसता थांबल्या. म्हणाल्या, "मले तिचा राग येते, पोरी. फोनवालीचा. चारची वेळ झाली की वाटते ती खरंच कुठं तरी आहे. मी फक्त तिचा निरोप देऊन राह्यली." मी विचारलं, काय पाहिजे तुम्हाला, काकू? बरं होणं माझ्या हातात नव्हतं, पण विचारलं. त्या म्हणाल्या, "एकदा माह्या तोंडाकडं पाहून 'ऐकलं का' म्हणावं त्यायनं. बस. आजपर्यंत नावानं हाक नाही मारली मले, 'ऐकलं का'च म्हणत आले. तेवढंच पाहिजे."

आता माझी चूक सांगते. मॅडम आठवडाभर नागपूरला गेल्या होत्या. मला वाटलं, आवाज ओळखतात, चेहरा तोच आहे, दोन्ही एकदम समोर आले की गाठ बसेलच. फाइलमधली ओळ मी वाचली होती, पण मला वाटलं मॅडम फार जपून वागतात. काकूंना विचारलं तर त्यांच्या डोळ्यांत असं काही आलं की मी पुढचा विचारच केला नाही. खोलीतल्या पडद्यामागे त्यांना उभं केलं. त्यांनी फोन लावला. काका नेहमीसारखे खुलले, "ऐकलं का" म्हणाले, काकू बोलू लागल्या, आणि मी पडदा सरकवला.

काका ओरडले नाहीत. त्यांनी काकूंच्या तोंडाकडे पाहिलं, हातातल्या फोनकडे पाहिलं. आवाज दोन्हीकडून येत होता, एकच. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"तिचा फोन तुमच्यापाशी आला बाई," ते म्हणाले, "म्हंजे ती गेली."

त्यानंतर ते रडले. माझ्या खोलीत, माझ्यासमोर, एक म्हातारा माणूस आपल्या बायकोसाठी रडत होता आणि बायको चार हातांवर उभी होती, तिला त्याच्या खांद्यावर हात ठेवायचीही सोय नव्हती. ते मी कधी विसरणार नाही. मॅडमनी परत आल्यावर मला जे सुनावलं त्याला मी पुरेपूर पात्र होते. काकूंनी एका शब्दानं बोल लावला नाही. आजही वाटतं, लावायला हवा होता.

चार वाजता काकू फोन करत राहिल्या. काका नंबर बघायचे आणि फोनवर टॉवेल टाकायचे. गेलेल्या माणसाचा फोन घेऊ नये म्हणायचे. टॉवेलाखाली तो वाजत राहायचा, आणि परसात काकूंना आपणच लावलेला फोन वाजताना ऐकू यायचा. काकांनी अन्न टाकलं. बोटांवर दिवस मोजू लागले. तेरवी झाल्याशिवाय पोटभर जेवणार नाही, असा हट्ट धरला. मुलगा पुण्याहून सांगत होता, बाबांना कुठंतरी ठेवू, तू माझ्याकडे ये. काकूंनी त्याला थांबवलं आणि मला फोन केला. म्हणाल्या, "ये तेराव्या दिवशी. दुसरं कोणी नाही. माह्या तेरवीचा सैपाक मी करून राह्यली."

मी गेले. त्यांच्या परसातल्या कडुलिंबाच्या सावलीत पाटावर लग्नानंतरच्या वर्षातला काकूंचा फोटो होता, त्याला हार काकूंनीच ओवला होता. चुलीपाशी पुरण शिजत होतं. काकांनी सांगितलं होतं, तिले गोड फार आवडे. काकू पोळी लाटता लाटता माझ्या कानाशी म्हणाल्या, "मले गोड कधीच नाही आवडलं. ह्यायलेच आवडे." आणि पानाच्या कडेला गुपचूप मिरचीचा ठेचा ठेवला.

पत्रावळ परसाच्या भिंतीवर ठेवली. कावळा येईना. समोरच्या झाडावर चार-पाच बसले होते, पण एक हलेना. काका हात जोडून म्हणाले, गोळ्या येळेवर घेईन. म्हणाले, पोराशी भांडणार नाही. झाडावर काही हललं नाही. ऊन चढत गेलं. तेव्हा मागून काकू बोलल्या, घरातल्या बाईच्या हळू आवाजात.

"मी सांगू का? तिचा जीव तुमच्यात अडकला असन. तुम्ही एकटे पडान म्हून."

काका भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "ह्या बाईचंही कोणी दिसत नाही. तिले मी काढणार नाही. इथंच राहीन ती." आणि कावळा उतरला. मी माझ्या शिक्षणाला जागून स्वतःला सांगितलं, कावळा आहे, भूक लागली असेल. त्या दिवशी काका पोटभर जेवले. मुलाच्या घरी जायचा विषय काकूंनी पुन्हा कधी निघू दिला नाही.

नंतरची दोन वर्षं काकू त्या घरात पाहुण्या म्हणून राहिल्या. कडी वाजवत राहिल्या. काका त्यांना पुढ्यात बसवून एसटीतल्या गोष्टी सांगायचे, ज्या बायकोला त्यांनी कधी सांगितल्या नव्हत्या. त्यांना काय आवडतं ते विचारायचे. मी जायचे तेव्हा काकू म्हणायच्या, बरं चाललंय आमचं. खरंच बरं चाललं होतं. मी एकदा मोबाइलवर त्यांचा फोटो काढला, उंबऱ्यात उभ्या, हात कडीवर.

गेल्या हिवाळ्यात अंगणात कपडे वाळत घालता घालता त्या बसल्या त्या उठल्या नाहीत. तेरवीला सगळे आले होते. माझ्या मोबाइलमधलाच फोटो मोठा करून पाटावर ठेवला होता. काका एका बाजूला बसले होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "लोक म्हणतात माही बायको गेली. म्हणू द्या. बाई एकटी होती, तेवढंच कोणाचं तरी नाव लागते." मग पत्रावळीकडे बोट दाखवून म्हणाले, "ठेचा ठेवा म्हणून मीच सांगतलं. हिले गोड नव्हतं आवडत."

कावळा येईना. मुलानं सगळं बोलून पाहिलं, सुनेनं बोलून पाहिलं, भावकीतले म्हातारे बोलले. लोक घड्याळं बघायला लागले. कोणी म्हणालं गाईला घाला आणि मोकळे व्हा. काकांनी मला विचारलं, "काय नाव होतं तिचं? मी कधी इचारलंच नाही. तुमच्या फायलीत असन."

"मंदा," मी सांगितलं.

"माह्या बायकोचंही मंदाच," ते म्हणाले.

ते उठले. सुनेनं आधार द्यायला हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. पाटापाशी आले, खाली बसले आणि फोटो दोन्ही हातांत धरला. तीस वर्षं चेहरे लक्षात ठेवणारा तो माणूस त्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. त्यांना काय दिसत होतं, कोण दिसत होतं, मला आजही सांगता यायचं नाही.

"ऐकलं का," काका त्या चेहऱ्याला म्हणाले, "जेवून घे."

माझ्या मागं भिंतीवर पंख वाजले. लोक सुटल्यासारखे बोलायला लागले. मी वळून पाहिलं नाही, काकांकडेच पाहत होते. ते अजून फोटोकडे कान करून बसले होते, फोन घेतल्यासारखे.