हॉथर्नबींची भावकी

कुणी नाव विचारलं की ते आधी स्टूल पुढे सरकवायचे. "बसा. आडनाव लंबं हाय." मग सावकाश म्हणायचे, "हॉथर्नबी."

नांदेडच्या आमच्या गल्लीत ते शिलाई मशीन दुरुस्त करायचे. त्यांची बोली ऐकून तुम्हीही त्या आडनावावर विश्वास ठेवला नसता. पणजोबा रूळ टाकायला इंग्लंडातून आले आणि किनवटकडची बायको करून इथेच राहिले.

"'बी' म्हणजे तिकडं गाव," ते समजावत. "तुमचं नायगावकर, तसंच आमचं. फकस्त आमचं गाव सापडून नाही राहिलं."

मोबाइलवर त्यांनी लई शोध घेतला. या आडनावाची तिकडेही मोजकीच घरं निघाली, एक कॅनडात. कुणी उत्तर दिलं नाही. इकडे तर ते एकटेच.

"भावकी नाही, म्हणजे भांडण नाही," मी चिडवायचो.

"भांडाय तरी पाहिजे की कुणी," ते म्हणायचे.

लेकीचं लातूरच्या मुलाशी जमलं, तेव्हा त्यांची झोप उडाली. आपल्याकडे मांडवात दोन्हीकडचे काका काकांना हार घालून भेटतात, मामा मामांना. ख्रिस्ती घरांतही ही रीत आहेच. यांच्याकडून भेटायला कोण? बायकोकडचंही कुणी उरलं नव्हतं. लेकीला कुणी नाही, असं सासरी दिसायला नको होतं.

"मुलीचे काका, या पुढं!" लग्नाच्या दिवशी पुकारा झाला. ते हातात हार घेऊन मान खाली घालून उभे. मला सगळं माहीत होतं, तरी मी चपला शोधायला लागलो. आजही लाज वाटते.

शेजारचे शेखचाचा उठले. "मी हाय काका. हॉथर्नबी."

पाठोपाठ किराणावाले अप्पा, कपाळावर भस्माचे पट्टे. "मी धाकला. हॉथर्नबीच."

"मुलीचे मामा?"

आता मी धावलोच. "मी! हॉथर्नबी!"

मांडवात कुजबुज. मामाचं आडनाव बापाचं कसं? व्याह्यांनी भस्म पाहिलं, दाढी पाहिली, मला पाहिलं.

"नांदेडात किती हॉथर्नबी हायत हो?"

"मलाबी आजच कळून राहिलं," ते म्हणाले. व्याही खो खो हसत त्यांच्या गळ्यात पडले.

आमचे हॉथर्नबी आता नाहीत. त्यांच्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात. सणावाराला लातूरहून लेकीच्या सासऱ्यांचा फोन चाचांना येतो. चाचा घसा साफ करतात आणि रुबाबात सांगतात, "हाव, हॉथर्नबीच बोलून राहिलो."