समितीसाठी भरलेली टाकी

आमच्या सरकारी दवाखान्यातली सिस्टर लई फटकळ. मी बीपीच्या गोळ्यांना गेले की सगळ्यांसमोर म्हणते, "आजी, लोणचं खाऊन येता आन बीपी वाढलं म्हणून मलाच सांगता व्हय?" बोलताना तोंडाकडे बघत नाही, काम करत राहते. मला ती फारशी आवडत नाही.

मागं मुंबईहून आमदारांची समिती दवाखाना तपासायला येणार होती. कायम कोरडी असलेली टाकी मोठ्या डॉक्टरांनी सकाळीच टँकरनं भरून घेतली आणि समिती जाईपर्यंत नळाला हात लावू नका, असं बजावलं. माझी सून तिथंच बाळंत झालेली. तिच्या अंगावर तेव्हापासून पाणी पडलं नव्हतं.

डॉक्टरांची पाठ वळताच सिस्टर वॉर्डात ओरडली, "उठा गं, पाणी आलंय तवर अंघोळी उरका!" बायांच्या अंघोळी झाल्या, मग तिनं चादरी धुवायला घेतल्या.

दुपारी समितीतल्या बाईंनी नळ सोडला. नुसती हवा आली. डॉक्टर घाम पुसायला लागले.

"रोज असंच असतं मॅडम," सिस्टर म्हणाली. "आजचं टँकरचं व्हतं, ते बाळंतिणींना वापरलं."

बाईंनी ते लिहून घेतलं.

मी नंतर तिला म्हणाले, "आता तुझी बदली करतेत बघ."

"करू द्या की," ती म्हणाली. "तिथं तरी पाणी असंल."