आदल्या दिवशीचं विमान

बत्तीसभाऊ आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी पाणी घेतलं नाही आणि बसा म्हटलं तर बसलेही नाहीत. दिवाणखान्यातल्या कपाटावरचं विमान उचललं, डोळ्यांजवळ धरलं, आणि त्याचं पुढचं चाक कटकन मोडून खिशात टाकलं.

विमान माझ्या नवऱ्याचं होतं. ऑफिसनं पाच वर्षांच्या नोकरीबद्दल दिलेलं, लाकडी बैठकीवर उभं केलेलं चकचकीत लढाऊ विमान. मी चहाचा ट्रे घेऊन दारात, नवरा सोफ्यावर वर्तमानपत्र धरून. भाऊ शांतपणे म्हणाले, "असं नसते, मॅडम. चाक लावलं का बटन लावलं, काही समजून नाही राहिलं." आणि जिना उतरून चालते झाले. "या माणसाला घरात कोणी घेतलं?" असं नवऱ्यानं विचारलं, तेही भाऊ फाटकाबाहेर पडल्यावर.

घेतलं मीच होतं. मी दातांची डॉक्टर. लग्न करून पुण्याहून नागपूरला आले, दवाखाना टाकला, आणि चांगल्या कवळ्या कोण करतं म्हणून विचारत फिरले तर जो तो एकच नाव सांगे, गांधीबागेतले बत्तीसभाऊ. कापडाच्या एका ठोक दुकानाच्या डोक्यावर त्यांची खोली होती. गठ्ठ्यांमधून वाट काढत जिना चढायचा. वर सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ, आणि त्या धुळीत दोन टेबलं. एकावर दात, दुसऱ्यावर विमानं. दातांवरून त्यांचं नाव बत्तीसभाऊ पडलेलं, आणि विमानंही खऱ्याच्या बत्तीसपट लहान. हा योगायोग की हट्ट, ते विचारायचं राहून गेलं. भाऊंना जाऊन आता वर्ष होत आलं. सत्तावीस वर्षं मी मापं घेतली आणि त्यांनी दात घडवले, आणि या सत्तावीस वर्षांत त्या माणसानं मला किती वेळा हादरवलं याची गणती नाही.

ते चाक तीन आठवड्यांनी परत आलं. दाताची तार, कवळीचं अॅक्रिलिक आणि कसलंसं रबर वापरून भाऊंनी ते नव्यानं घडवलं होतं. ब्रेकची केसाएवढी नळी होती, तिला धरून ठेवणाऱ्या दोन चिमुकल्या पट्ट्या होत्या. टायर खालच्या बाजूला किंचित दबलेला होता. "हे चपटं झालंय," मी म्हटलं. भाऊंनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "विमानाले वजन असते ना, मॅडम. उभं आहे ते. तुमच्या साहेबांचं लटकून होतं." नवऱ्यानं भिंग आणून ते चाक अर्धा तास पाहिलं आणि त्या दिवसापासून तो भाऊंचा गुलाम झाला.

दुकानातून विमानाचा खोका आणायचा आणि त्यातले सुटे भाग जोडायचे, एवढंच लोक करतात. भाऊंना खोक्यातलं काहीच पटत नसे. खुर्ची फेकून द्यायची, नवी करायची. घड्याळांची पाटी फेकून द्यायची, नवी करायची. एकदा त्यांनी विमानाच्या पोटात पंधरा दिवस खपून तारांचं जाळं विणलं आणि वरून झाकण कायमचं चिकटवून टाकलं. मी किंचाळलेच. "अहो, आता हे कोणाला दिसणार?" भाऊ म्हणाले, "अक्कलदाढ कोणाले दिसते, मॅडम? पण राहते ना तिथं."

एका चौकात एक जुनं लढाऊ विमान शोभेसाठी उभं केलेलं आहे. एके रविवारी भर दुपारी भाऊ तिथं शिडी लावून चढले आणि त्याच्या पंखाची मापं घेऊ लागले. मला फोन आला तो पोलीस चौकीतून. धावत गेले तर भाऊ बाकावर निवांत बसलेले आणि समोर हवालदार लालबुंद. "काहून मोजून राहिले होते, ते तरी सांगा!" तो ओरडत होता. भाऊ त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत होते. मला वाटलं, आता हात जोडतील, माफी मागतील. ते म्हणाले, "साहेब, तुमची उजवीकडची कॅप उंच बसली आहे. त्या बाजूनं जेवता येत नसंन." हवालदाराचा हात नकळत गालावर गेला. पुढच्या मंगळवारी तो माझ्या खुर्चीत तोंड उघडून बसला होता, आणि भाऊंना त्या विमानाच्या पंखाची पूर्ण मापं मिळाली होती.

गंमत म्हणजे हा माणूस जन्मात कधी विमानात बसला नाही. मुलगी बंगळुरूला, तिच्याकडे जायचे तेही आगगाडीनं. "आत बसलं का विमान दिसतच नाही," म्हणायचे.

पण त्यांचा खरा धक्का मला बसला तो एका म्हाताऱ्या फिटरमुळे. हे गृहस्थ माझ्याकडे दात काढायला आले होते. आयुष्यभर लढाऊ विमानं दुरुस्त केलेली. त्यांना कौतुकानं गांधीबागेत घेऊन गेले. भाऊंनी चौदा महिने खपून केलेलं विमान त्यांनी फिरवून फिरवून पाहिलं, वा वा केलं, आणि निघताना सहज म्हणाले, "फक्त हा तेलाचा पाइप डाव्या अंगानं जाते, भाऊ." ते जिन्यावरून उतरेपर्यंत भाऊंनी कवळ्या घासायची मशीन चालू केली आणि विमानाचं पोट उभं कापलं. मी डोळे मिटून घेतले. मला रडूच फुटलं. भाऊ म्हणाले, "रडता काहून? आता तं माहीत झालं ना. माहीत असून खोटं ठेवू काय?"

एवढं सगळं करणारा माणूस एक गोष्ट मात्र करत नसे. विमानात वैमानिक बसवत नसे. खोक्यात बोटभर सुंदर वैमानिक येई, तो सरळ कचऱ्यात. कोणी विचारलं तर म्हणत, "विमान लहान होते. माणूस लहान नाही होत, त्याचा बाहुला होते." मला हे वाक्य फार आवडायचं. मी ते चारचौघांत सांगतही असे. वानखडेबाई येईपर्यंत.

वानखडेबाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. मोजकं बोलायच्या, वेळेवर यायच्या. त्यांची कवळी वर्षात तीनदा तुटली. तिसऱ्यांदा मी ती दुरुस्तीला पाठवली तेव्हा भाऊ स्वतः दवाखान्यात आले. "मॅडम, ही पडून नाही तुटली. चावून तुटली. या बाईले काय खाऊन राहिलं?"

मग मी सांगितलं. बाईंचा एकुलता एक मुलगा, निखिल, लढाऊ विमानं चालवायचा. चार वर्षांपूर्वी एका सकाळी उड्डाण केलं आणि विमान परत आलंच नाही. घरी जे आलं त्याची पेटी उघडू नका असं सांगितलं होतं. भाऊंनी कवळीचे दोन तुकडे रुमालात गुंडाळले आणि ते निघून गेले.

विमानांचं बाईंना कळलं ते माझ्याच दवाखान्यात. बाहेरच्या खोलीत भाऊंनी दिलेलं एक विमान काचेत ठेवलेलं आहे. त्या त्याच्यासमोर वीस मिनिटं उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मला यांच्याकडे घेऊन चला." गेलो. कापडाच्या गठ्ठ्यांमधून बाई पदर सावरत वर चढल्या, स्टुलावर बसल्या, पर्समधून निखिलचा गणवेशातला फोटो काढला. "याचं विमान करून द्या," त्या म्हणाल्या. "आणि याला आत बसवा. हात हलवतोय असा. जाताना तो नेहमी हात हलवायचा."

भाऊंनी फोटो पाहिला. परत दिला. "विमान करतो, ताई. त्याले नाही बसवणार."

बाईंनी पुन्हा विचारलं नाही. फोटो पर्समध्ये ठेवला आणि भिंतीचा आधार घेत एकेक पायरी उतरून गेल्या. मी मात्र हबकून तिथंच उभी. मग माझा तोल गेला. "एक बाहुली बसवायला काय जातं हो तुमचं? तुमच्या खरेपणाला चाटायचंय का तिनं?" मी जे मनात येईल ते बोलले. भाऊ प्लास्टर कालवत राहिले. आठ दिवस मी त्यांच्याकडे काम पाठवलं नाही. दुसऱ्याकडून करून घेतलेल्या कवळ्या कोणाच्याच तोंडात धड बसल्या नाहीत, तो भाग वेगळा.

नवव्या दिवशी भाऊ दवाखान्यात हजर. "त्या ताईले विचारा, विमानाजवळचा फोटो आहे काय. शेवटचा."

होता. बाईंनी तो त्याच संध्याकाळी पाठवला. निखिल शिडीला टेकून उभा, हातात हेल्मेट, घामानं केस डोक्याला चिकटलेले. मागे विमानाचं नाक आणि उघडी काच. खाली दोनच शब्द लिहिले होते, 'उतरलो, आई.' दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

भाऊंनी त्या फोटोवर सात महिने घालवले. शिडीच्या तिसऱ्या पायरीचा रंग उडालेला होता, तो तसाच उडवला. चाकाखाली लावलेल्या ठोकळ्याची दोरी किती मळली होती, तेवढीच मळवली. खुर्चीच्या पट्ट्यांसाठी माझ्याकडून एक्स-रे फिल्मची जुनी पाकिटं नेली. त्या पाकिटांत शिशाचा पातळ पत्रा असतो, आणि तो कापला की कापडी पट्ट्यासारखा लवतो. मी केव्हाच डिजिटल मशीन घेतलं होतं, तर कपाट उलटंपालटं करून शेवटची अकरा पाकिटं शोधली.

विमान झालं तेव्हा भाऊंनी मला आधी बोलावलं. मी वाकून आत पाहिलं. खुर्ची रिकामी होती. बसायची गादी मधोमध थोडी दबलेली. पट्टे सुटलेले, एक खुर्चीच्या कडेवरून बाहेर लोंबत होता.

"उडायच्या आधी पट्टे जमिनीवरची माणसं नीट मांडून ठेवतात," भाऊ म्हणाले. "हे तसे नाहीत. हे उतरल्यावरचे आहेत. आताच उतरला तो."

मला रागच आला. "भाऊ, तो उतरला नव्हता. एका पाइपासाठी चौदा महिन्यांचं काम कापणारे तुम्ही, आणि हे असलं खोटं?"

"खोटं कुठं आहे, मॅडम?" त्यांनी फोटो माझ्यापुढे धरला. "हे आदल्या दिवशीचं विमान आहे. त्या दिवशी उतरलाच होता ना तो? लिहिलंय त्यानं."

सात महिने हा माणूस खरेपणाची एक सुताएवढी फट शोधत होता, जिच्यातून त्या बाईला काहीतरी देता येईल. आणि मी त्याला काय काय बोलले होते.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. भाऊंनी धुतलेला शर्ट घातला होता. बाईंनी चष्मा पुसला, विमान चारी बाजूंनी पाहिलं, शिडीची तिसरी पायरी ओळखली आणि मान हलवली. मग खुर्चीत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. भाऊंनी हळू आवाजात मला सांगितलेलंच त्यांनाही सांगितलं, की पट्टे असे आहेत म्हणजे तो उतरला आहे.

"ते कळलं मला," बाई म्हणाल्या. "पण हा निखिल नाही."

"माझा मुलगा पट्टा असा टाकून उठणार नाही," त्या म्हणाल्या, वहीतली चूक दाखवावी तशा. "शाळेतून आला की दप्तराचे बंदसुद्धा एकावर एक ठेवायचा. त्याचे वडील हसायचे त्याला. हे दुसऱ्या कोणाचे पट्टे आहेत."

भाऊंचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. फोटोत खुर्चीच्या आतलं दिसत नव्हतं. पट्टे त्यांनी दुसऱ्या वैमानिकांच्या फोटोंवरून केले होते, सगळे टाकतात तसे. त्यांचा हात मशीनकडे जाणार म्हणून मी पुढे झाले. पण भाऊंनी चिमटा उचलला. द्रावणाचा एक थेंब सोडून पट्ट्यांची चिकटवलेली टोकं मोकळी केली. स्वतःच्या कपाळावरचं भिंग काढून बाईंच्या डोक्याला बांधलं, आणि ज्या चिमट्याला त्यांनी इतक्या वर्षांत मला बोट लावू दिलं नव्हतं, तो बाईंच्या हातात ठेवला.

"तुमीच ठेवा, ताई. मले त्याची सवय माहीत नव्हती."

बाईंना बराच वेळ लागला. खाली दुकानात कोणीतरी कापडाचा तागा उलगडत भाव सांगत होतं. त्यांनी डावा पट्टा आत घेतला, गादीवर सरळ केला. त्यावर उजवा ठेवला. टोकं जुळवली. मग पुन्हा वाकून, दबलेल्या गादीच्या कडेला लागून, दोन्ही पट्टे केसभर मागे सरकवले.

"आता बरोबर आहे का हो, भाऊ?" भिंगातूनच पाहत त्यांनी विचारलं.

भाऊ खिडकीशी गेले होते, आमच्याकडे पाठ करून. मला त्यांचे खांदे तेवढे दिसत होते.

"मले काय विचारता, ताई," ते म्हणाले. "मी निस्तं विमान केलं."