कापसाच्या काट्यावर मी

सन २०१६. मी अडुसष्ट वर्षांचा होतो. त्या दसऱ्याला आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार तुकडे झाले, आणि त्याच महिन्यात डॉक्टरनं मला सांगितलं, शुगर आहे, वजन उतरवा. माझी शाळा दुसरीपर्यंत. पण कोणी हुकूम केला की मी उलटा चालतो, हे गावाला ठाऊक आहे.

पोराचं वेगळंच. "बाबा, वावरात जाता जाता तीनदा बसता तुमी. आता माझ्या गाडीवर मागं बसत जा."

मोटारसायकलवर पोत्यासारखं बसून मी माझ्याच वावरात जाऊ? म्हटलं, जाईन तर पायी.

मग नर्सबाई घरी आली. ती तेलुगूत बोलली. सून तेलुगू शाळेत दहावी शिकलेली, तिला सगळं समजलं. पण आमच्यात सून सासऱ्याशी तोंडानं बोलत नाही. ती चुलीकडं पाहून माझ्या म्हातारीला सांगायची, म्हातारी मला.

"भात कमी करा म्हणते जी."

मी म्हटलं, "भात तेलुगू लोकांचं खाणं. सोडला."

पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. भाताचा कण शिवलो नाही आणि ज्वारीच्या भाकरी तीनाच्या पाच केल्या. बापजाद्यांनी भाकरीच खाल्ली, तिनं काय होते? इकडं साऱ्या घरानं चहातली साखर सोडली, नातवंडांनीसुद्धा. मला त्याचा राग आला. माझ्या दुखण्यापायी लेकरांनी फिका चहा काऊन प्यावा?

दोन महिन्यांनी दवाखान्यात वजन तीन किलो वाढलेलं निघालं. मी म्हटलं, सरकारी काटा खोटा आहे.

वेचणीचे दिवस होते. संध्याकाळी वेचणाऱ्या बायांचा कापूस मोजायला आमचा काटा अंगणातल्या निंबाला टांगलेला. पोराला म्हटलं, "लटकव मला." फडक्यात बसलो, गाठोड्यासारखा. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. एक म्हणाली, "माल ओला दिसते. कटती लावा, दोन किलो कापा."

माझा काटाही सरकारी काट्याचाच आकडा बोलला.

तेव्हा सून चुलीपासून उठली. पदर डोक्यावर, पण नजर सरळ माझ्याकडं. "मामाजी, भाकरीचीही पोटात साखरच होते. नर्सबाईनं तेही सांगितलं होतं. पाच नाही, दोन खा. संगं भाजी आन् वरण. तुमी वावरात पायी जावं म्हणून आमी समदे फिका चहा पिऊन राह्यलो."

म्हातारी तिच्यावर डोळे वटारू लागली. मी म्हटलं, "बोलू दे तिला. तुझ्यापेक्षा पुरं सांगते."

त्या दिवशी दोनच भाकरी खाल्ल्या. डॉक्टरच्या हुकमानं नाही. काटा माझा होता आणि सून माझी होती, म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरानं गाडी काढली. मी म्हटलं, "तू हो पुढं." गोळी घेतली, फिका चहा प्यालो, चप्पल घातली आणि निघालो. दोनदा बसलो. तिसऱ्या बसायच्या जागी बाभळीखाली पोरगा गाडी लावून उभा होता. न बसता, त्याच्याकडं न पाहता मी वावरात शिरलो.