मुरमाचं पोतं

जऊळक्याच्या स्टेशनाजवळ एका शेठची कापसाची वखार होती. माझे वडील तिथं पारखी होते. हंगामात गाड्यांची रांग लागायची. वडील चाकावर पाय देऊन गाडीवर चढायचे, कापसात कोपरापर्यंत हात खुपसायचे आणि क्षणभर डोळे मिटायचे. वजन भरावं म्हणून कोणी कोणी मधल्या थरावर पाणी शिंपडून आणत. वरून माल कोरडा खडखडीत दिसायचा, ओल पोटात. ती डोळ्यांना दिसत नसे, बोटांना कळे. वडिलांचा शब्द शेठही मोडत नसत.

पुढं वडिलांच्या गुडघ्यांनी दगा दिला, गाडीवर चढणं होईना. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. लहानपणापासून त्यांनी मला कापसाच्या चिमट्या ओढून ओल ओळखायला लावलं होतं. हाताला ती सवय होती, म्हणून शेठनं ते काम मला दिलं.

त्याच दसऱ्याला आमच्या तालमीसमोर बाहेरगावच्या एका पहिलवानानं मुठीच्या एका ठोशात सोललेला नारळ फोडला. पाणी उडून पहिल्या रांगेतल्या लोकांच्या पागोट्यांवर पडलं. मी तालमीत जात होतो, बऱ्यापैकी कुस्ती करत होतो, पण त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. मूळचा इंझोरीकडचा माझा एक मित्र होता, मळा आमच्या गावाशेजारी. घरची शेती, अंगानं माझ्याहून दणकट. त्यालाही तेच खूळ लागलं. आम्ही दोघं उस्तादांकडं गेलो.

उस्ताद जातीनं मणियार. बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. सकाळी तालीम, दुपारी दुकान. हात पक्का करायची विद्या त्यांना त्यांच्या उस्तादांकडून मिळाली होती. त्यांनी तालमीच्या आढ्याला नदीच्या बारीक वाळूचं पोतं टांगून दिलं.

"रोज शंभर ठोसे. एकशेएक नाई," ते म्हणाले. "मंग कोमट पानी, मंग तेल. सालभर दुसऱ्या कशावर ठोसा माराचा नाई. हे घाईचं काम नोहे बेटा."

महिनाभर आम्ही तसंच केलं. मित्राला मात्र दम निघेना. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत आपणच नारळ फोडायचा, असं त्यानं मनाशी धरलं होतं. त्यानं आपल्या मळ्यातल्या बाभळीला दुसरं पोतं टांगलं. मुरमाचं.

"वाळूनं काय होते?" तो म्हणाला. "वाळूवर तं बाया भांडे घासतात. ये माह्या संगं."

मी गेलो. उस्तादांना सांगितलं नाही. तालमीतले शंभर झाले की संध्याकाळी मळ्यात आणखी दोनशे. पहिल्या आठवड्यात सालटं निघाली. मग गाठी धरल्या. त्या पाहून मला आनंद व्हायचा. चालताना मी मूठ वळून एका हाताचा अंगठा दुसऱ्या हाताच्या गाठींवरून फिरवत असे.

कार्तिक सरता सरता उजव्या करंगळीला मुंग्या येऊ लागल्या. आधी वाटलं, थंडी आहे. मग मुंग्या बाकीच्या बोटांतही पसरल्या, सकाळी उठल्यावर मूठ वळेना. चुलीपाशी हात शेकल्यावर बोटं हळूहळू मोकळी व्हायची. आई विचारायची, "काहून रे, एवढं हिव लागते काय तुले?" मी हो म्हणायचो.

एक दिवस डब्यातले तीळ घेतले, तिळाएवढंच बारीक धान्य म्हणून थोडा राळा घेतला, दोन्ही कालवले आणि डोळे मिटून चिमटीनं वेगळे करायला बसलो. लहानपणी वडील माझ्याकडून हा खेळ करून घ्यायचे. डोळे उघडून पाहिलं तर दोन्ही ढिगांत दोन्ही दाणे होते. पुन्हा केलं. पुन्हा तेच. डाव्या हातानं केलं, तर चुकलो नाही.

त्यानंतर ज्याला त्याला आडून विचारत सुटलो. न्हावी म्हणाला, ठोशानं नसा मरतात आणि मेलेली नस परत येत नाही. वैद्यबुवा म्हणाले, हाताची नस डोळ्याला जोडलेली असते, चाळिशीत आंधळा होशील. तालमीतला एक जुना गडी हसला. "मी दहा साल मारले ठोसे, मले काय झालं?" त्याच्या बोलण्यानं दोन दिवस बरं वाटलं. मग आठवलं, तो गडी हमाली करायचा. पोतं उचलायला बोटाला काय कळावं लागतं?

तरी मी ठोसे थांबवले नाहीत. थांबलो तर मित्र पुढं जाईल, ही एक भीती. आणि थांबलो म्हणजे काहीतरी बिघडलंय हे स्वतःशीच कबूल केल्यासारखं होईल, ही दुसरी. वखारीत मी, कोणाला शंका येऊ नये म्हणून, उजवाच हात गाडीत खुपसायचो, वडिलांसारखे डोळे मिटायचो आणि अंदाजानं बोलायचो. शेतकऱ्याच्या चेहऱ्याकडं पाहायचो. तो घाबरलेला दिसला की माल काढून पाहायचो, निवांत दिसला की जाऊ द्यायचो. रोज घरी जाताना वाटायचं, आजचा दिवस निभला.

पौषात एक दिवस निभला नाही. सकाळी वखार उघडली तर कापसाच्या ढिगाला आंबूस वास येत होता. एका हमालानं आत हात घातला आणि ओरडला, "गरम आहे, गरम!" ओला कापूस दाबून ठेवला की आतल्या आत तापतो, कधी पेटही घेतो. सगळे धावले. तीन माणसांनी ढीग फोडला. आतला कापूस पिवळा पडला होता. आग लागली नव्हती, एवढंच नशीब. मी भिंतीला टेकून उभा होतो.

शेठनं वडिलांना बोलावून घेतलं. वडील काठी टेकत आले. खाली बसूनच त्यांनी ढिगाच्या पाच-सहा ठिकाणी हात घातला आणि अचूक सांगितलं, हा माल ओला, हा कोरडा. मग मला म्हणाले, "इकडं ये. हात दे."

मी हात दिला. त्यांनी माझी बोटं एकेक करून दाबली. गाठींवरून अंगठा फिरवला. करंगळीच्या टोकाला नख रुतवलं. मी हललो नाही, कारण मला ते कळलंच नाही.

"हा हात कोनाचा होय?" त्यांनी विचारलं.

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं.

मी शेठपुढं गेलो आणि सगळं सांगितलं. मुरमाचं पोतं, तीळ, अंदाजानं दिलेले निकाल. शेठ म्हणाले, "हात बरा होईस्तोवर गाडीले हात लावू नोको. तुहे बाबा बसतीन खाली खुर्चीवर. तू वर चढून नमुना काढून त्याईले देत जाय."

तिथून वडील मला घेऊन थेट उस्तादांच्या दुकानावर गेले. उस्ताद एका बाईला बांगड्या भरत होते. आम्ही बाजूला थांबलो. त्या बाईचा हात जाडजूड आणि बांगडी लहान, पण उस्तादांनी तिचा पंजा हळूच दाबत, वळवत बांगडी अशी सरकवली की बाईनं हूं केलं नाही. इतक्या जाड गाठींचा हात इतका मऊ चालताना मी प्रथमच नीट पाहिला. मनात आशा आली. यांचं काही बिघडलं नाही, तर माझंही बिघडणार नाही.

बाई गेल्यावर वडील म्हणाले, "उस्ताद, तुमी माह्या पोराच्या हाताचं काय केलं?"

उस्तादांनी माझा हात घेतला. सांधे दाबले. "हे वाळूचं काम नोहे," ते म्हणाले. "खरं सांग."

मी सांगितलं. उस्तादांनी मान खाली घातली. मग माझ्यावर न रागावता वडिलांकडं पाहून म्हणाले, "यानं चोरून केलं, हे खरं. पन मी बी पूरं सांगतलं नाई. हे पाहा." त्यांनी डावा हात पुढं केला. शेवटची दोन बोटं किंचित वाकडी होती. "या दोन बोटाले कितीक साल झाले, काई समजत नाई. म्हनून बांगडी मी उजव्यानं भरतो, डाव्यानं निस्ता हात धरतो."

"मंग पोराइले काहून नाई सांगतलं?" वडिलांनी विचारलं.

"उस्तादाची इज्जत जाते म्हनून," ते म्हणाले. मग म्हणाले, "नुकसान होते, भाऊ. हळू केलं तं कमी होते. होत नाई असं नाई."

मला त्यांचा राग यायला हवा होता. उलट छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी खरं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी उस्ताद स्वतः मळ्यावर चालत गेले. मित्राला म्हणाले, पोतं काढ. त्यानं काढलं नाही. मीही गेलो, हात दाखवला. तो म्हणाला, "तुहा हात बाईचा होय. माहा नोहे." पोहरादेवीच्या यात्रेत, नगारे वाजत असताना, त्यानं चारशे-पाचशे माणसांसमोर नारळ फोडला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. मी गर्दीत होतो, आणि खरं सांगायचं तर मला हेवा वाटला.

संध्याकाळपर्यंत त्याचा पंजा सुजून भाकरीएवढा झाला. आतलं हाड मोडलं होतं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, पण हाड वाकडं जुळलं. त्याची मूठ पुढं कधी पूर्ण वळली नाही. पेरणीला तिफण डाव्या हातानं धरायला तो शिकला. गाईची धार मात्र त्याची बायको काढायची. आमची मैत्री टिकली, पण त्या नारळाबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

माझा हात सावकाश परत आला. अंगठा आणि तर्जनी चैत्रापर्यंत, मधलं बोट आणि अनामिका पावसाळ्यात. करंगळी आली नाही. पुढच्या हंगामात मी पुन्हा गाडीवर चढलो, तेव्हा पहिले पंधरा दिवस वडील खाली खुर्चीवर बसून होते. मी प्रत्येक गाडीचा नमुना त्यांच्या हाती द्यायचो, त्यांच्याकडं न पाहता निकाल सांगायचो आणि मग त्यांच्याकडं पाहायचो. ते नुसती मान डोलवायचे. सोळाव्या दिवशी ते आलेच नाहीत.

उस्तादांनी वाळूचं पोतं टांगलेलंच ठेवलं. शिकायचं त्यांना ते शिकवत. पण नवा गडी आला की आधी स्वतःचा डावा हात त्याच्यापुढं धरत आणि म्हणत, "पयले हे पाह्य. मंग मार."