श्राद्धाला खिम्याचे गोळे

बेल वाजली तेव्हा मी खिरीसाठी तांदूळ धूत होते आणि मनातून धुमसत होते.

कार्तिक शुद्ध अष्टमी. गेल्या वर्षी याच तिथीला माझा नवरा गेला, इथेच शारजात, आमच्या अल मजाजच्या फ्लॅटपासून दोन गल्ल्या पलीकडच्या हॉस्पिटलात. वर्षश्राद्धाचं मुलाशी बोलणं झालं होतं. तो म्हणाला होता, "आई, शनिवारी करू ना. गुरुजीही फ्री आहेत, सगळ्यांना ऑफ असतो, आणि डेट पण जवळपास तीच येते." मी बरं म्हटलं. बरं म्हटलं खरं, पण तळपायाची आग मस्तकात गेली होती. जन्मभर या माणसाने कंपनीसाठी सुट्ट्या सोडल्या, आणि आता त्याचं श्राद्धही सगळ्यांच्या सुट्टीच्या सोयीने. मग मी ठरवलं, तिथीचा उच्चारही करायचा नाही. बघू कोणाला आठवतं ते.

कोणालाही आठवलं नव्हतं. ठाण्याच्या दिरांचा सकाळचा गुड मॉर्निंगचा गुलाब तेवढा फोनवर आला होता.

दार उघडलं तर सून उभी. मंगळवार, भर ऑफिसचा दिवस. ती व्हिएतनामची. मुलाच्या ऑफिसात भेटली, लग्नाला तीन वर्षं झाली. दोघं दुबईत सिलिकॉन ओएसिसला राहतात. तिथून सकाळच्या ट्रॅफिकमध्ये शारजाला येणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. मुलाचं काही बरंवाईट तर नाही ना?

"क्या हुआ?" मी ओरडलेच.

"नथिंग, आई. आय टुक लीव्ह." ती चपला काढून थेट किचनमध्ये गेली आणि ओट्यावर पिशवी ठेवली. "टुडे आय कुक. यू सिट."

आज नेमका हिला पाहुणचार सुचलाय, मी मनात म्हटलं. पिशवीतून ती एकेक वस्तू काढू लागली तसे माझे डोळे मोठे होत गेले. कांदा. लसूण. टोमॅटो, कोथिंबीर, कांद्याची पात. तांबूस पाण्याची बाटली, जिचं झाकण उघडताच घरभर सुक्या जवळ्यासारखा वास सुटला. आणि शेवटी खिमा. शेजारच्या शेगडीवर माझं वरण उकळत होतं, श्राद्धाचं, बिनकांदालसणाचं.

वर्षभर या घरात मांस शिजलं नव्हतं. तो गेल्यापासून मी खाल्लं नव्हतं, कोणी सांगितलं म्हणून नव्हे, माझं मलाच नको झालं. आणि आज, याच दिवशी, ही माझ्या ओट्यावर खिमा मळत होती! नुसती मळत नव्हती, मुठीत घेऊन भांड्यात आपटत होती. त्यात साखर घातली, दुधाला घालावी तशी चमचा भरून. पाण्यात भिजवून पिळलेला पाव घातला. मला बोलायचं होतं, पण कुठल्या भाषेत आणि कुठून सुरुवात करायची ते कळेना. आमचं बोलणं म्हणजे अर्धं तिचं इंग्रजी, अर्धं माझं हिंदी, आणि उरलेलं हातवारे. श्राद्ध हातवाऱ्यांनी कसं सांगायचं?

मी चरफडत खीर मंद गॅसवर ठेवली आणि बाहेर गेले, हॉलमधला त्याचा फोटो पुसला, हार नीट केला. परत आले आणि दातखीळ बसायची तेवढी राहिली.

शेगडीवर माझं मोदकपात्र होतं. लग्नात आईने दिलेलं, गणपतीत एकदा निघणारं, एरवी जुन्या साडीत गुंडाळून वरच्या कपाटात असणारं. त्याच्या चाळणीवर, जिथे एकवीस मोदक बसतात, तिथे खिम्याचे गोळे वाफत होते. गोल, गुबगुबीत, ओळीने मांडलेले.

"खलास!" मी कपाळाला हात लावला. "ये बाप्पा का है!"

"यस, व्हेरी गुड स्टीमर," ती आनंदाने म्हणाली.

गोळे वाफले, मग टोमॅटोच्या पातळ रश्शात मुरायला गेले. त्यांना सिउ माय म्हणतात हे मला ठाऊक होतं. ती आमच्याकडे एकदा करून घेऊन आली होती, आणि नवऱ्याने पावाने वाटी पुसून पुसून खाल्ली होती. "आपला खिमापावच आहे गं हा, जरा लाजाळू," असं म्हणाला होता. मी तेव्हाही नाक मुरडलं होतं.

रस्सा उकळला. तिने वाटी भरली, वर कोथिंबीर टाकली, बशीत पाव ठेवला. ती मला देईल म्हणून मी नको म्हणायच्या तयारीत होते. ती माझ्यासमोरून गेली, हॉलमध्ये गेली, आणि वाटी त्याच्या फोटोसमोर ठेवली. मग पर्समधून उदबत्त्या काढल्या.

मी किंचाळले. "नो! आज नहीं! आज के दिन मांस नहीं चलता!"

ती दचकून वळली. मग हळूच म्हणाली, "बट टुडे इज बाबाज डे, नो? एटथ डे ऑफ द मून."

मी मटकन सोफ्यावर बसले.

तिने समजावून सांगितलं ते असं. त्यांच्याकडेही माणूस गेलेला दिवस चंद्रावर धरतात. अमावास्येनंतर दिवस मोजायचे. बाबा गेले त्या रात्री तिने आईला फोन केला होता, आणि आईने सांगितलं होतं, आठवा दिवस आहे, विसरू नकोस. दरवर्षी त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या आवडीचं करायचं, त्याला बोलवायचं, तो जेवला की आपण जेवायचं. आणि हा स्वयंपाक सुनेने करायचा. "सॅटर्डे इज फॉर गेस्ट्स, आय थॉट," ती म्हणाली. "टुडे इज फॉर बाबा."

साऱ्या गोतावळ्यात एकटीला तिथी आठवली होती, आणि ती या पोरीला. मला हुंदकाच आला. पण हट्ट सुटेना. मी डोळे पुसत म्हटलं, "लेकिन खीर चाहिए. वडा चाहिए. मटण नहीं."

तिने फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाबा डिड नॉट लाइक?"

खीर पाहिली की हा माणूस ऑफिसचा फोन आलाय म्हणून उठायचा. आणि खिम्यासाठी ताट घेऊन किचनच्या दारात उभा राहायचा.

मी उठून खिरीचा गॅस बंद केला.

तिने उदबत्त्या लावल्या, हात जोडले आणि अडली. "आई, हाऊ टू कॉल हिम? यू कॉल."

एवढंच तर बोलायचं होतं. रोज, तीस वर्षं, किचनमधून बोललेलं. वर्षभरात ते शब्द माझ्या तोंडून बाहेर पडले नव्हते.

"अहो, चला. पान वाढलंय."

उदबत्त्या संपेपर्यंत आम्ही दोघी फोटोसमोर बसलो. मग तिने वाटी उचलून माझ्या हातात दिली. "बाबा फिनिश्ड. नाऊ आई." मी पाव मोडला आणि खाल्लं. गोडसर होतं, तिखट अजिबात नव्हतं, आणि मी दुसरा गोळाही खाल्ला.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. "आई, ऊद मेथाला सामान घ्यायला चाललोय, शनिवारसाठी काही आणू का? आणि ही फोन उचलत नाहीये. तुला काही बोलली होती?"

"इथेच आहे," मी म्हटलं. "तुझ्या बाबांच्या श्राद्धाला आलीय."

अगदी लहानपणीच्या आवाजात त्याने विचारलं, "आज होतं?"

"आजच आहे. ये," मी म्हटलं. "गरम करून ठेवते."