बारा दिवस तो घरी दिसत होता

माझा दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. त्याने लग्न केलं नाही. उरणकडच्या आमच्या गावातली मिठागरं गेली, पाठोपाठ आई-बाबा गेले, तेव्हा त्याने पनवेलजवळ रोडपालीला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. द्रोणागिरीच्या एका गोदामात तो कंटेनरच्या कागदपत्रांचं काम बघायचा. वर्षातले अकरा महिने दुसऱ्यांच्या पेट्या कुठे कुठे रवाना करायचा आणि दिवाळी झाली की एक महिना स्वतः निघायचा. एकटा, पाठीवर सॅक घेऊन, बहुतेक वेळा डोंगरात.

मला पनवेलमध्येच, जुन्या बाजारात दिली. नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, दुपारी मी तिथे बसते. भाऊबीजेला भावाने बहिणीला द्यायचं असतं, पण दादा भाऊबीज झाली की दोन-चार दिवसांत निघायचा, म्हणून मीही त्या दिवशी त्याला प्रवासाला उपयोगी पडेल असं काहीतरी द्यायला लागले.

पहिल्या वर्षी मी चाकांची मोठी बॅग दिली होती. त्याने ती आनंदाने नेली आणि पुढच्या वेळी मी त्याच्याकडे गेले तर तिच्यात गोधड्या भरून ती पलंगाखाली ठेवलेली. मी विचारलं तेव्हा म्हणाला की चाकं रस्त्यावर चालतात, मी जातो तिथे रस्ता नसतो. दुसऱ्या वर्षी मी जाड टॉवेल दिला. तो त्याने आमच्या दुकानातल्या खिळ्यांच्या काट्यावर ठेवला, आकडा मला दाखवला आणि हसला. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की प्रवासाला जाणारा माणूस वस्तूची किंमत बघत नाही, वजन बघतो.

मग मी शिकत गेले. टॉवेलच्या जागी पंचा दिला. दुकानातली बारीक नायलॉनची दोरी चार मीटर कापून, दोन्ही टोकं मेणबत्तीवर वितळवून दिली, धुतलेले कपडे वाळत घालायला. त्याच्या दोन पँटींना आतून चेनचा खिसा शिवून दिला. औषधांच्या छोट्या पुड्या करून प्रत्येकीवर मराठीत लिहिलं, ताप, जुलाब, उलटी, आणि कधी घ्यायची तेही. एका वर्षी काहीच सुचेना तेव्हा स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डबीत सुक्या जवळ्याची चटणी भरून दिली. परत आल्यावर त्याने सांगितलं की आजवरची सगळ्यात चांगली भेट ती होती, कारण ती रोज हलकी होत गेली.

आमचं आणखी एक ठरलेलं होतं. दर दोन दिवसांनी संध्याकाळी मी त्याला फोन करायचा. तो स्वतःहून कधी करायचा नाही, पण मी केला की कुठे मुक्काम आहे, उद्या कुठे जाणार, परत कधी येणार, एवढं सांगायचा. मी दुकानातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवायचे.

एका वर्षी असं झालं की चार दिवस त्याचा फोन लागलाच नाही. डोंगरात बर्फ पडून टॉवर बंद होता. तो मजेत कुणाच्या तरी घरी शेगडीशी बसला होता आणि मी इथे जेवत नव्हते. म्हणून पुढच्या भाऊबीजेला मी त्याच्यासाठी एक नवीनच वस्तू आणली. बटणाएवढी पांढरी चकती. बॅगेत टाकून ठेवायची. जवळून कुणाचाही फोन गेला की ती आपला ठिकाणा कळवते आणि तो माझ्या फोनवर नकाशात दिसतो. वजन म्हणावं तर काहीच नाही. मला वाटलं, इतक्या वर्षांत मी इतका विचार करून वस्तू निवडली नव्हती.

ओवाळून झाल्यावर मी ती त्याच्या हातात दिली आणि ती काय करते ते सांगितलं. त्याने उलटसुलट करून पाहिली. आम्ही दोघं एकमेकांशी गावच्या बोलीतच बोलायचो. तो म्हणाला, "ह्ये माज्यासाठी हाय का तुज्यासाठी?"

मी म्हटलं, दोघांसाठी.

"नाय," तो म्हणाला. "तुज्यासाठी हाय."

मला राग आला. मी त्याला बोलू नये ते बोलले. तुझ्यामागे रडायला दुसरं कोण आहे, बायको ना पोर, सगळी काळजी माझ्याच डोक्याला, असं. नवरा मध्ये पडला आणि मी गप्प झाले. दादाने चकती खिशात टाकली, जेवला, दारात चपला घालताना गुरुवारी निघतोय एवढं सांगितलं आणि गेला.

गुरुवारी दुपारी मी फोन उघडून पाहिला. चकती रोडपालीतच होती. संध्याकाळी पाहिलं, तिथेच. शुक्रवारी, शनिवारी, तिथेच. दर वेळी त्याच्याच बिल्डिंगवर ठिपका, आणि खाली लिहिलेलं की पाच मिनिटांपूर्वी, दोन मिनिटांपूर्वी. मी समजले की तो गेलाच नाही. माझ्या बोलण्याचा राग धरून घरात बसलाय. आणि मला बरं वाटलं. हे मी फार कमी लोकांना सांगितलंय. वाईट वाटायला हवं होतं, पण तो डोंगरात नाही, पाच किलोमीटरवर आपल्या घरात आहे, याचं मला बरं वाटलं.

रविवारी नवरा म्हणाला, एक फोन कर. मी म्हटलं, त्याला करू दे, या वेळी तो करेल. रोज दुकानात बसून मी तो ठिपका बघायचे. बारा दिवस मी त्याला फोन केला नाही.

बाराव्या दिवशी, सोमवारी, मला राहवलं नाही. जवळ्याची चटणी केली आणि रिक्षाने रोडपालीला गेले. बेल वाजवली. दार उघडलं नाही. फोनवर ठिपका होता, आत्ता, इथेच. मी दारावर थाप मारून हाक मारली. शेवटी माझ्याकडच्या चावीने कुलूप उघडलं.

घर आवरलेलं होतं. पडदे ओढलेले, गॅसचा नॉब बंद, फ्रिज रिकामा करून दार किंचित उघडं ठेवलेलं. फरशीवर धूळ होती आणि तिच्यावर फक्त माझी पावलं उठत होती. तरी मी आत बाथरूमपर्यंत जाऊन पाहिलं, मोरीतली बादली कोरडी. मग मला आठवलं की त्या चकतीला फोनवरून आवाज करायला लावता येतो. मी बटण दाबलं. त्या बंद घरात पक्ष्यासारखा बारीक आवाज सुरू झाला. मी आवाजाच्या मागे गेले. दारामागच्या खुंटीवर स्कूटरची चावी टांगलेली होती आणि तिला, साध्या दोऱ्याने, ती चकती बांधलेली होती.

त्याने ती टाकून दिली नव्हती. रागाने मागे ठेवली नव्हती. त्याची स्कूटरची चावी कायम हरवायची, म्हणून त्याने तिला ती बांधली होती. कुठल्याही वस्तूचा काहीतरी उपयोग करायचाच, हा त्याचा स्वभाव. मी आवाज बंद केला.

त्याचा फोन बंद होता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याने पेन्सिलने एक नंबर लिहिला होता आणि पुढे उत्तराखंडातल्या पिथौरागडच्या वरच्या एका गावाचं नाव. मी तिथूनच, उभ्याउभ्या, तो नंबर लावला. एका बाईने उचलला. तिच्या घरात ती प्रवाशांना उतरवून घेते. मोडक्या हिंदीत मी विचारलं आणि तिने लगेच ओळखलं. हो, आले होते, दोन दिवस राहिले. बुधवारी सकाळी वरच्या कुरणाकडे पायी गेले, शुक्रवारी परत येतो म्हणाले. जास्तीचे कपडे इथेच ठेवलेत. आले नाहीत तेव्हा मला वाटलं पलीकडच्या वाटेने खाली रस्त्याला लागले असतील, काही जण तसे जातात, सामान मागून मागवतात. शनिवारी वर बर्फ पडलं. माझ्याकडे त्यांच्या घरचा नंबर नव्हता. मग ती म्हणाली, "कोई पूछता, तो मैं उसी दिन लडकों को भेज देती."

दर दोन दिवसांनी फोन केला असता तर मंगळवारी संध्याकाळी त्याने मला सांगितलं असतं, शुक्रवारी परत येतो. मी कॅलेंडरवर लिहिलं असतं. शुक्रवारी संध्याकाळी मीच विचारलं असतं.

पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेणाऱ्या हवालदारांनी विचारलं की अंगावर काय होतं, सोबत काय काय होतं. मी सांगत गेले. करड्या रंगाची पँट, आत चेनचा खिसा, निळ्या दोऱ्याने शिवलेला. पंचा, हिरव्या काठाचा. पांढरी नायलॉनची दोरी, चार मीटर, टोकं वितळवलेली. स्टीलची डबी, झाकणाला पोचा. औषधांच्या पुड्या. ते लिहिताना थांबले आणि म्हणाले, एवढं बारीक कुणाला माहीत नसतं. मी म्हटलं, सगळं मीच दिलंय.

उत्तराखंडच्या पोलिसांनी आणि तिथल्या गावकऱ्यांनी चार दिवस शोधलं. वरच्या कुरणाच्या अलीकडे, एका झऱ्यापाशी दोन झाडांना दोरी बांधलेली मिळाली. तिच्यावर पायमोज्यांची एक जोडी होती, गोठून लाकडासारखी झालेली. त्यांनी फोटो पाठवला. गाठ त्याची होती, गोदामात ताडपत्रीला मारतात तशी. त्याच्या पुढे काहीच नाही. बर्फ वितळल्यावर पुन्हा शोधलं, नदीच्या काठाने खालपर्यंत पाहिलं. अजून काही मिळालेलं नाही.

मे महिन्यात मी आणि नवरा तिथे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मी इतक्या लांब गेले. त्या बाईसाठी काय न्यावं हा प्रश्न होता. साडी मनात आली, चांदीचं निरांजन आलं. दोन दिवस मी बाजारात नुसती फिरले आणि मग तिला सरळ फोन करून विचारलं, तुम्हाला काय आणू? असं मी दादाला कधीच विचारलं नव्हतं, ओळखण्यातच मला मोठेपणा वाटायचा. ती आधी नको नको म्हणाली, मग म्हणाली की पाच लिटरच्या कुकरचं रबर आणा, इथे मिळत नाही, वर्षभर डाळ पातेल्यात शिजवतेय. मी चार नेली. तिने आमच्यासमोर एक झाकणाला लावलं, कुकर चढवला आणि शिट्टी झाली तेव्हा तिचा चेहरा उजळला. मला तिथे रडू आलं. तिला वाटलं दादाच्या आठवणीने, आणि ते खरंच होतं.

जेवताना तिने सांगितलं की दोन्ही संध्याकाळी दादा फोन घेऊन अंगणाच्या त्या कोपऱ्यात जाऊन बसला होता, जिथे रेंज येते. बोलला कुणाशीच नाही. थोडा वेळ बसला आणि आत आला. तिने विचारलं तेव्हा म्हणाला, बहिणीचा फोन येईल. हे तिने अगदी सहज सांगितलं, आणखी एक पोळी वाढता वाढता. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी ती पोळी खाल्ली.

या गोष्टीला आता तीन वर्षं होत आली. कायद्याने सात वर्षं थांबावं लागतं, तोवर तो बेपत्ता. तेरावं करावं की नाही यावर नातेवाइकांत दोन मतं आहेत. मी करू दिलेलं नाही. दुकानात येणाऱ्या ओळखीच्या बायका अजून मला विचारतात, भाचा लडाखला चाललाय, काय देऊ? पूर्वी मी तासभर सांगायचे. आता म्हणते, त्यालाच विचार. आणि तो गेल्यावर त्याला फोन करत जा.

मागच्या महिन्यात मी एसटी स्टँडवर उभी होते. समोरून एक माणूस गेला, पाठीवर सॅक, डावा खांदा जरा खाली. दादाचा तसाच असायचा. तो उरणच्या गाडीत चढला आणि मीही चढले. तो पुढच्या सीटवर, मी दोन सीट मागे. मला माहीत होतं की तो दादा नाही. केस काळे होते, मान रुंद होती. तरी कंडक्टर आला तेव्हा त्या माणसाने जिथलं तिकीट काढलं तिथलंच मी काढलं. अर्धा-पाऊण तास मी ती पाठ बघत बसले. तो उतरला, मी उतरले. वळला तेव्हा त्याचा चेहरा दिसला, पन्नाशीचा, भला माणूस, कुठल्यातरी गावचा. मला तशी उभी बघून त्याने विचारलं, "ताई, कोनाकडं जायाचं हाय?"

मी म्हटलं, कोणाकडे नाही, चुकून उतरले. त्याने समोरचा स्टॉप दाखवला आणि परतीची गाडी येईपर्यंत तिथेच थोडा लांब थांबला.

घरी आले तेव्हा नवरा दाराशीच होता. दुपारपासून फोन का उचलत नाहीस म्हणून विचारलं. पर्समध्ये होता, मला ऐकूच आला नव्हता. मी त्याला जे झालं ते सांगितलं, त्या माणसाच्या खांद्यापासून परतीच्या गाडीपर्यंत सगळं. तो आत जाऊन पाणी घेऊन आला आणि म्हणाला, "जायचं असेल तर जा. पण मी फोन केला की उचलत जा."

मी हो म्हटलं.